शाळेच्या फाटकापाशी

मंडळी, गेल्या वर्षी या सदरात मी परसातल्या कढीपत्त्याच्या रोपावर लिहिलं होतं, आणि ते थंडीत तगलं का, असं वर्षभर अनेकींनी विचारलं. नाही तगलं. यंदाचा विषय जरा नाजूक आहे. संपादकांना फोनवर सांगितला तेव्हा पलीकडे दोन सेकंद शांतता होती. मग म्हणाले, ‘लिहा, पण जपून.’ जपून लिहायला मला जमत नाही, तेव्हा नुसतंच लिहिते.

सुरुवात सासूबाईंच्या आमटीपासून करते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्या नाशिकहून आल्या होत्या. पहिल्याच रात्री पानं घेतली, सासूबाई आमटी वाढत होत्या, आणि आमच्या लेकीनं हात जोडले. मग उजवा हात कपाळाला, छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला लावला, इंग्रजीतून घाईघाईनं जेवणाबद्दल देवाचे आभार मानले, ‘आमेन’ म्हटलं आणि पोळीचा तुकडा मोडला. सासूबाईंचा डाव वाटीवर तसाच थांबला. नवऱ्यानं पाण्याच्या ग्लासात बघितलं. मी म्हटलं, ‘शाळेत म्हणतात तसं, सवय लागलीय.’

सासूबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. भांडी घासताना हळूच म्हणाल्या, ‘बाटवतील हो पोरीला.’

आता ती या शाळेत गेली कशी, ते सांगायला हवं, कारण मंडळातही दोघातिघांनी मला हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला आहे. यात कसलाही आध्यात्मिक विचार नव्हता. शाळा घरापासून चालत सहा मिनिटांवर आहे. इथे प्राथमिक शाळेचे अर्ज १५ जानेवारीपर्यंत भरायचे आणि १६ एप्रिलला निकाल बघायचा, हे लहान मुलं असलेल्या घरांना पाठ आहे. कॅथलिक शाळेसाठी त्याशिवाय एक वेगळा फॉर्म असतो. त्यात बाप्तिस्मा झाला आहे का, कुठल्या चर्चमध्ये जाता, असे प्रश्न असतात. आम्ही सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. अर्ज जास्त आले तर आधी बाप्तिस्मा झालेली मुलं घेतात आणि आमच्यासारखी ‘इतर सर्व मुलं’ यादीच्या तळाला असतात. पण जागा शिल्लक असतील तर शाळेला कुणालाही नाकारता येत नाही. त्या वर्षी जागा शिल्लक होत्या.

या प्रवेशाच्या पद्धतीबद्दल माझ्या मनात आजही खडा आहे. या शाळा सरकारी पैशावर चालतात. शिक्षकांचे पगार सरकार देतं, इमारतीच्या मोठ्या खर्चातला दहा टक्के वाटा तेवढा शाळेनं उचलायचा असतो. म्हणजे माझ्याही करातून चालणारी शाळा माझ्या मुलीला शेवटच्या रांगेत उभी करते. आणि जिथे शाळेला गर्दी असते तिथे काय होतं, तेही ऐकून आहे. मूल तीन वर्षांचं झालं की अचानक दर रविवारी चर्चमध्ये दिसणारे आईबाप, आणि निकाल लागला की रिकामे होणारे बाक. फादरनाही ते कळतं म्हणे. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी गणपतीला नारळ फोडणाऱ्यांनी फार हसू नये, पण खटकतं ते खटकतंच.

दुसऱ्या बाजूनं, ही पद्धत आली कुठून तेही वाचलं. आयर्लंडमध्ये १८४०च्या दशकात बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, आणि लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडनच्या वस्त्यांत आयरिश कॅथलिक लोंढ्यानं आले. गरीब, बहुतेक निरक्षर आणि इथल्या लोकांना नकोसे. इंग्लंडमध्ये कॅथलिक बिशपांची व्यवस्था तीनशे वर्षांनी पुन्हा उभी राहिली ती १८५० साली. दोन वर्षांनी त्यांची पहिली परिषद भरली. नव्या वस्तीत आधी चर्च बांधायचं की शाळा, हा प्रश्न तिच्यापुढे होता. बिशपांनी ठरवलं, आधी शाळा. ती अशी बांधायची की तात्पुरतं प्रार्थनास्थळ म्हणूनही वापरता येईल. पुढे १९४४च्या कायद्यानं त्यातल्या बहुतेक शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या, तेव्हा इमारतीचा निम्मा खर्च चर्चनं करायचा होता, आणि त्या त्या गावच्या लोकांनी तो वर्षानुवर्षं सोडती काढून, केक विकून, नाच ठेवून उभा केला. आज इंग्लंड-वेल्समध्ये अशा दोन हजारांवर शाळा आहेत. परक्या देशात आलेल्या, पैसे नसलेल्या लोकांनी देवळाच्या आधी शाळा बांधली, हे वाचून मी जरा गप्प झाले. आपलं लंडनचं मंडळ १९३२चं, त्याला स्वतःची वास्तू तरी आहे. आमच्या गावच्या मंडळात गेली अकरा वर्षं ‘हॉल घ्यावा का’ यावर चर्चा चालू आहे.

पण हे सगळं मी नंतर वाचलं. आधी दिसलं ते वर्गातल्या कोपऱ्यातलं एक छोटं टेबल.

प्रत्येक वर्गात ते असतं. त्यावर एक कापड, एक क्रूस, बायबल, एक मेणबत्ती (बहुतेक वेळा बॅटरीची, आगीच्या नियमांमुळे) आणि मुलांनी आणलेलं काहीबाही, पानं, दगड, चित्रं. कापडाचा रंग बदलतो. एरवी हिरवा. नाताळच्या आधीचे चार आठवडे आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस जांभळा. सणाला पांढरा. पेंटेकॉस्टला लाल. लेक पाच वर्षांची असताना घरी येऊन मला विचारायची, ‘आई, आज आपल्या देवाचा कलर कोणता?’ नवरात्रात मी तिला नऊ दिवसांचे नऊ रंग सांगितले तेव्हा तिला आपला धर्म एकदम प्रगत वाटला.

आपल्यातले बरेच जण तिकडे कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. मीही. पण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तासाला घंटा झाली की कॅथलिक मुली एका वर्गात जायच्या, त्यांचं कॅटेकिझम, आणि आम्ही उरलेल्या ‘मॉरल सायन्स’ला. त्या बाजूला काय चालतं हे दहा वर्षांत आम्हाला कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. सिस्टर कडक, इंग्रजी चांगलं, शिस्त चांगली, एवढ्यावर आपल्या आईवडिलांचं आणि कॅथलिक शाळांचं नातं संपायचं. इथे तसं नाही. आठवड्यातल्या शिकवण्याच्या वेळेपैकी निदान दहा टक्के वेळ धर्मशिक्षणाला द्यायचा, असा बिशपांचा दंडक आहे, आणि त्या तासाला सगळी मुलं एकत्र बसतात. नको असेल तर आईवडील मुलाला त्यातून काढून घेऊ शकतात, कायद्यानं तो हक्क आहे. सासूबाई परत गेल्यावर आम्ही दोघांनी त्याचा विचार केला, खोटं का बोला. नवरा म्हणाला, ‘काढलं तर ती त्या वेळात एकटी कुठे बसणार?’ वाचनालयात, असं उत्तर होतं. आणि मला डोळ्यासमोर आमच्या कॉन्व्हेंटचा तो दोन दारांचा कॉरिडॉर दिसला. नाही काढलं.

याच सुमारास शाळेनं मला बोलावलं. दुसऱ्या धर्मांची ओळख हाही त्यांच्या धर्मशिक्षणाचा भाग असतो, तर दिवाळीबद्दल वर्गात येऊन सांगाल का? मी पैठणी नेसून, पणत्या, रांगोळीचे रंग आणि डबाभर शंकरपाळे घेऊन गेले. लक्ष्मी स्वच्छ, उजळलेल्या घरी येते, असं सांगितलं. एका मुलानं हात वर केला. ‘ज्यांच्याकडे मीटरमध्ये पैसे नाहीत त्यांच्या घरी ती जात नाही का?’ इथे काही घरांत विजेचं मीटर आधी पैसे भरून चालतं, हे वाचकांना माहीत आहे. त्या मुलाच्या घरी तसं असावं. मी काहीतरी बोलले, की एक पणती पुरते वगैरे. शिक्षिकेनं मान डोलावली. पण घरी येताना मला वाटत राहिलं की हा प्रश्न मला चाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता, आणि त्या सात वर्षांच्या मुलाला तो लगेच पडला, कारण त्याच्या शाळेत प्रत्येक गोष्टीशेवटी ‘मग ज्याच्याकडे नाही त्याचं काय’ हा प्रश्न येतोच. ऑक्टोबरमध्ये सुगीचा सण होतो तेव्हा मुलं फूड बँकेसाठी डबाबंद अन्न नेतात. ईस्टरआधी एका शुक्रवारी साधं जेवून वाचलेले पैसे बाहेरच्या देशांतल्या गरिबांसाठी देतात. वरच्या वर्गातल्या मुलांचा एक गट आहे, संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावानं चालणाऱ्या संस्थेचा छोटा अवतार, तो वृद्धाश्रमात जाऊन आजोबा-आजींशी पत्ते खेळतो. लेकीला त्या गटात जायचं आहे, मुख्यतः पत्त्यांसाठी.

आता मोठी गोष्ट. इथल्या तिसरीत, म्हणजे सात-आठ वर्षांच्या वयात, कॅथलिक मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद होतो, फर्स्ट कम्युनियन. पूर्वी त्यासाठी मुलं मोठी व्हावी लागत. १९१० साली दहाव्या पायस पोपनी वय खाली आणलं. वर्षभर तयारी चालते, आधी पापनिवेदन, मग जूनमधल्या एका शनिवारी मुली पांढऱ्या झग्यात आणि मुलगे टाय लावून. लेकीच्या वर्गातल्या तीस मुलांपैकी एकवीस-बावीस तयारीत होती. झग्यांच्या गप्पा जानेवारीपासून सुरू झाल्या. कुणाच्या झग्याला मोती, कुणाचा आजीनं पोलंडहून पाठवलेला. मार्चमध्ये एका रात्री अंथरुणात लेक रडायला लागली. ‘मला का नाही?’

मी दुसऱ्या दिवशी हेडबाईंना भेटले. मला खात्री होती की त्या इंग्रजी पद्धतीनं गोड गोड काहीतरी बोलून वेळ मारून नेतील. त्यांनी लेकीलाच बोलावलं, शेजारी बसवलं आणि सरळ सांगितलं, ‘हे ज्यांनी एक वचन दिलंय त्यांच्यासाठी आहे. तू ते दिलेलं नाहीस. तुझ्या घरी दुसरी वचनं असतील. ती कोणती, आईला विचार. पण त्या शनिवारी दारात उभं राहून प्रत्येकाला गाण्यांचा कागद द्यायला मला कुणीतरी विश्वासाचं हवंय.’

शनिवारी आम्ही तिघं गेलो. लेकीनं दीडशे कागद वाटले. मुलांची रांग लागली तेव्हा तीही शेवटी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात छातीवर फुली करून. प्रसाद घ्यायचा नसेल तर तसं उभं राहतात. फादरनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, ती परत आली. बस. नवरा म्हणाला, ‘आशीर्वाद कुणाचाही चालतो.’ सासूबाईंना फोनवर मी हे सांगितलं नाही. लेकीनं सांगितलं.

पण मला अडचण आशीर्वादाची नव्हती. अडचण ‘आईला विचार’ या वाक्याची होती. कारण तिनं विचारलं. ‘आपलं पहिलं काय असतं?’ मी म्हटलं, बारसं. ते मला आठवत नाही, ती म्हणाली. उष्टावण. तेही नाही. मग मोठेपणी? तिच्या मावसभावाची मुंज ती पाहून आली होती. ‘माझी कधी?’ मंडळी, सांगा काय उत्तर देणार? आजकाल काही जण मुलींच्याही मुंजी करतात, ठाऊक आहे. आमच्या घरात तेवढा उत्साह कुणातच नाही. आमचा देव्हारा स्वयंपाकघरातल्या फडताळात, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याशेजारी. पूजा गणपतीचे पाच दिवस आणि लक्ष्मीपूजनाला. उरलेलं वर्षभर आम्ही ‘मनातून’ धार्मिक. मनातलं मुलीला दिसणार कसं?

त्यावर जे केलं ते फार नाही. फडताळातला देव्हारा बैठकीच्या खोलीत आणला. संध्याकाळी दिवा लावणं आणि शुभंकरोती म्हणणं हे काम लेकीला दिलं. काम हा शब्द मुद्दाम वापरला, कारण शाळेत मी तेच बघितलं होतं. तिथे श्रद्धा म्हणजे काय वाटतं याबद्दल फारसं बोलत नाहीत. मेणबत्ती कुणी ठेवायची, कापड कुणी बदलायचं, कागद कुणी वाटायचे, हे ठरलेलं असतं. लेक तीन आठवडे नेमानं दिवा लावत होती, मग कंटाळली, मग पुन्हा लावायला लागली. परवा मी उशिरा आले तेव्हा लावलेला होता.

शाळेच्या फाटकावर येते. पावणेनऊ आणि सव्वातीन. तिथे उभ्या असलेल्या बायका म्हणजे एक जगच. केरळच्या दोन नर्स, पोलंडच्या चारपाच जणी, नायजेरियाच्या, फिलिपिन्सची एक, पणजोबा आयर्लंडहून आलेल्या काही जणी. धाकट्याच्या वेळी मला सातव्या महिन्यात हॉस्पिटलात ठेवलं, आणि नवरा कामासाठी जर्मनीत अडकला होता. चौथ्या दिवशी तो आला तोवर लेकीला कुणी शाळेत नेलं, कुणी आणलं, कुणाकडे ती झोपली, याचा तक्ता फाटकावर तयार झालेला होता. तो पुढे सहा आठवडे चालला. घरी रोज एक डबा यायचा. नायजेरियन लाल भात, केरळचा अवियल, पोलिश पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या तिखट करंज्याच म्हणा. एकदा मासे आले आणि पाठोपाठ धावत माफी आली.

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच दिवसांत मला त्रेसष्ट ‘गेट वेल सून’ आले. मी हे कडवटपणे लिहीत नाही. आपण तीस मैलांच्या परिसरात विखुरलेले, भेटतो गणपती, दिवाळी आणि संक्रांतीला. मंगळवारी सव्वातीन वाजता माझ्या मुलीला कोण आणणार? फाटकावरच्या बायका आपल्यापेक्षा प्रेमळ आहेत असं नाही. त्यातल्या दोघी एकमेकींशी बोलतही नाहीत. पण त्या आठवड्यातून दहा वेळा एकाच जागी उभ्या राहतात. कोण दोन दिवस आली नाही, हे त्यांना कळतं.

याच फाटकावर मला माझी वसईची मैत्रीण भेटली. लेक चिखलात उड्या मारत होती आणि मी नेहमीच्या आवाजात ओरडले. मागून कुणीतरी म्हणालं, ‘अगं, मारू दे उड्या, मोजे धुता येतात.’ स्वच्छ मराठी. वळून बघितलं तर जिला मी वर्षभर गोव्याची समजून इंग्रजीत ‘लव्हली डे’ म्हणत होते ती.

ती वसईची सामवेदी कॅथलिक. घरी कादोडी बोलतात, आणि दहावीपर्यंत शिक्षण चर्चच्या मराठी माध्यमाच्या शाळेत. म्हणजे गंमत बघा, मी पुण्याची हिंदू, शिकले इंग्रजीत कॉन्व्हेंटमध्ये, आणि ती कॅथलिक, तिची शाळा मराठी. माझ्या या सदराचं शुद्धलेखन गेली दोन वर्षं ती तपासते. तिच्या गावी मिस्सा मराठीतून, गाणी मराठी, घरी ‘सुवार्ता’ मासिक यायचं. ज्यांनी ते अनेक वर्षं चालवलं त्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तेच २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मला त्यांचं नाव तेव्हा बातमीत कळलं. तिनंच मला सांगितलं की मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स हे मूळचे इंग्रज, विल्टशायरचे. गोव्यात ते मराठी शिकले आणि १६१६ साली त्यांचं पुराण छापून निघालं. आमच्या घरापासून विल्टशायर दोन तासांवर. मी तिथे तीनदा स्टोनहेंज बघायला गेले आहे.

मी सहज विचारलं, ‘मंडळात का येत नाहीस?’ ती हसली. ‘आले होते एकदा.’ सहा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या कार्यक्रमाला. दारातल्या टेबलावर तिनं नाव सांगितलं, तर तिथल्या बाईंनी तिला हिंदीत विचारलं, ‘आप महाराष्ट्रीयन हैं?’ तिनं मराठीत उत्तर दिलं. मग त्या म्हणाल्या, ‘अय्या, किती छान मराठी बोलता तुम्ही!’ ती आत गेली, जेवली, नाटुकलं बघितलं आणि घरी आली. पुन्हा गेली नाही.

‘रागावलीस?’

‘नाही गं. पण माझ्या भाषेच्या घरात मला पाहुणी म्हणून कौतुक नको होतं.’

त्या वर्षी दारातल्या टेबलावर कोण होतं, ते मी जुन्या फोटोंत शोधलं. मी नव्हते. पण मी असते तर यापेक्षा वेगळं काही बोलले असते, असं मला वाटत नाही. आपल्या सभासदत्वाच्या फॉर्मवर धर्म विचारत नाहीत, हे खरं. शाळेच्या फॉर्मवर विचारतात, अगदी स्पष्ट. आणि त्याच शाळेनं माझ्या मुलीला, यादीच्या तळाच्या मुलीला, दारात उभं करून येणाऱ्यांच्या हातात कागद द्यायला लावले. मी हे कार्यकारिणीच्या बैठकीत मांडलं. दोघं म्हणाले, ‘आपण कुणाला अडवलंय का?’ एक काका म्हणाले की नाताळचा एखादा मराठी कार्यक्रम ठेवू या. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, ‘नाताळला मला बोलवू नका, त्या दिवशी मी चर्चमध्ये असते. कोजागिरीला बोलवा, मसाला दूध आवडतं मला.’ यंदा ती आली होती. तिच्या मुलानं आणि माझ्या लेकीनं मिळून खुर्च्या लावल्या.

शेवटी ती चिठ्ठी. कॅथलिक लोक नोव्हेंबर महिना मृतांच्या आठवणीसाठी ठेवतात. १ तारखेला सर्व संत, २ तारखेला सगळे गेलेले. आपल्या दिवाळीच्या आगेमागेच पडतं. शाळेतून मुलांच्या दप्तरात एक कोरी चिठ्ठी येते. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून पाठवा, महिनाभर प्रार्थनेच्या टेबलावर ठेवू. पहिली दोन वर्षं ती चिठ्ठी मी कचऱ्यात टाकली. गेल्या वर्षी लेकीनं ती टेबलावर ठेवून पेन पुढे केलं. ‘डोंबिवलीच्या आजोबांचं नाव लिही.’

बाबा २०२१च्या एप्रिलमध्ये गेले. विमानं बंद, इस्पितळात कुणाला सोडत नव्हते. मी सगळं फोनच्या पडद्यावर बघितलं, तेही मध्येच तुटलं. दहावा-तेरावा भावानं केला. इथे आम्ही दिवा लावला आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या मीटिंगला बसले. इथल्या कुणी त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं, कारण इथल्या कुणाला ते माहीतच नव्हतं. मी चिठ्ठीवर नाव देवनागरीत लिहिलं, खाली इंग्रजीत.

दोन दिवसांनी फाटकावर हेडबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, शुक्रवारी हॉलमध्ये नावं वाचायची आहेत, हे नाव कसं उच्चारायचं? आमच्या आडनावात ळ आहे. त्यांनी चारपाचदा म्हणून बघितलं, जीभ वळेना, मी म्हटलं असू दे. त्या म्हणाल्या, ‘नाही, नाव आहे ते.’ शुक्रवारी मी मागे उभी होते. हॉलमध्ये नुकत्याच झालेल्या जेवणाचा कस्टर्डचा वास होता, दोनशे मुलं जमिनीवर मांडी घालून बसलेली. नावं एकेक करून वाचली. आयरिश, पोलिश, मल्याळी, मग बाबांचं. ळ चुकला. पुढच्या ओळीतून लेकीनं मोठ्यानं दुरुस्त केला.

यंदाची चिठ्ठी कालच दप्तरातून निघाली. रात्री व्हिडिओ कॉलवर लेकीनं ती आजीला दाखवली आणि काय करतात ते सांगितलं. सासूबाई बराच वेळ चष्मा पुसत होत्या. मग मला म्हणाल्या, ‘यांचंही नाव लिही. आणि सर्वपित्रीला मी केलंय इथे, तरी चालेल ना दोनदा, विचार त्या बाईंना.’